हेमलताबाई पुन्हा शिकायला बसल्या

या मंडळी, पुढं या, दारात दाटी करू नका! आज कीर्तनाला एकच प्रश्न घेऊन उभा आहे. ज्याला काहीच येत नाही त्यानं शिकावं, हे ठीक. पण ज्याला सगळं येतं, त्यानं काय करावं? हसू नका! उत्तर अवघड आहे.

ऐका. निपाणीच्या अलीकडं एक दूध संघ. तिथल्या सगळ्या संगणकांची राखण हेमलता बोंद्रे यांच्याकडं. सिस्टीम अॅडमिन! यंत्र आजारी पडलं की बाई वैद्य. आता संगणकाचीही भाषा असते बरं का. नुसतं "ऊठ" म्हटलं म्हणून तो उठत नाही. तुमच्या घरात तरी कोण उठतं म्हणा! बाईंना पर्ल नावाची जुनी भाषा अशी यायची, की ज्याचं नाव ते!

पुढं संघानं दुधाच्या टाक्यांवर नवी यंत्रणा बसवली. टाकी तापली की फोनवर इशारा! पण ती लिहिलेली पायथन नावाच्या दुसऱ्याच भाषेत. बाईंच्याच हाताखाली तयार झालेली रुबिना मुल्लाणी म्हणाली, "मॅडम, शिकून घ्या ना. मी दाखवते."

"अगं, माझं अडलंय कुठं?"

अडलं! वैशाखातली दुपार, टाकी तापली, इशारा आलाच नाही. रुबिना रजेवर. बाईंनी पडद्यावर मजकूर उघडला — अक्षरं दिसतात, अर्थ लागत नाही! दूध नासलं. ते ओतून टाकताना दूध घालणारी गौराक्का म्हणाली, "बाई, तुमास्नी तर समदं येतंय न्हवं?"

टोमणा नव्हता हो! खरंच विचारलं तिनं. म्हणूनच फार लागलं.

मंडळी, बाई आळशी नव्हत्या. भीती होती ती! केस पिकल्यावर आपल्याला चुकताना कुणी पाहील, ही भीती.

रुबिना कामावर आली, तशा बाई तिच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसल्या. "शिकव."

"मॅडम, मी? तुम्हाला?"

"हो. आणि चुकले तर चूक म्हण!"

चुकल्या! ओळीओळीला चुकल्या. रुबिना चाचरत म्हणाली, "मॅडम, शब्द पायथनचे, पण वळण पर्लचंच राहतंय. माझी आई मराठी वळणानं कानडी बोलते, तसं."

बाई खळखळून हसल्या. "मग खोड ते सगळं!"

पुढं एकदा पुन्हा इशारा थांबला. बाई एकट्या. पण या खेपेला ओळीवर बोट ठेवून, शब्द लावत लावत वाचत गेल्या — आणि सापडलं! टाकीकडून एकदा आकडाच आला नव्हता. ती रिकामी जागा पाहून यंत्रणा अडखळून बसली होती. बाईंनी दुरुस्त केलं, फोन खणाणला, दूध वाचलं.

फार सुरेख लिहिलं का? छे! रुबिनानं नंतर त्यातही चुका काढल्या — आणि बाईंनी काढू दिल्या. सांगा, दूध वाचलं हे मोठं, की हे मोठं?

माना काय डोलावताय! घरी सून म्हणेल, "मामंजी, असं नाही, असं," — तेव्हा डोलेल का मान? कुणापुढं शिकायला बसायचं म्हटलं, की तुमचा गुडघा वाकत नाही? आलं ना नाव मनात? टाळ थांबवा जरा. ते नाव आधी घट्ट धरा — आणि सकाळी त्याच्या दारी जा!