दिल्लीत ऐकू आलेला भोंगा

आदरणीय अध्यक्ष हिंदुराव काका, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती आमचे रंगराव सर, सरांच्या पत्नी गिरजाबाई, शाळेतील गुरुजन, कामगार वसाहतीतून आलेल्या माताभगिनी आणि विद्यार्थी मित्रहो,

मी ज्ञानदेव. याच शाळेत दहावीपर्यंत होतो. परीक्षेला बसलो नाही, तेव्हा मोठ्या माणसांपुढे बोलण्याचा माझा अधिकार तो किती! भाषण लिहून आणलं आहे. शुद्धलेखन दोनदा तपासलं, पण बोलताना ते कोणाला दिसणार?

सरांविषयी सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. शालेय मंत्रिमंडळ सरांनी सुरू केलं, मुलांना निवडणुका लढवायला लावल्या आणि दर दोन वर्षांनी त्या मंत्रिमंडळाला दिल्ली दाखवली. पिंपरीच्या कामगारांची मुलं मनमाडला गाडी बदलून संसदेच्या गॅलरीत जाऊन बसली, ती सरांमुळे. राज्य कसं चालतं ते डोळ्यांनी पाहा, म्हणजे उद्या चालवायला भिणार नाही, असं सर म्हणत.

मीही गेलो होतो. मी शिस्तमंत्री होतो. आता हसू नका, माझी निवड बिनविरोध झाली होती.

बाहेरच्या पाहुण्यांना एक सांगायला हवं. आपल्या शाळेला तेव्हा घंटा नव्हती. कंपनीचा भोंगा झाला की शाळा भरायची, भोंगा झाला की सुटायची. झोपेतसुद्धा आम्ही भोंग्याला उठायचो. हा वसाहतीचा धर्मच म्हणा ना.

तर आम्ही गॅलरीत बसलो होतो. खाली कोणी सभासद कालव्यांविषयी बोलत होते. आणि एकाएकी आमची सगळी मुलं उठून उभी राहिली. नुसती उठली नाहीत, रांग केली. सरसुद्धा उभे राहिले.

मी बसलेलाच होतो. मला वाटलं, हा काय पोरकटपणा! मी दबक्या आवाजात म्हणालो, "खाली बसा रे, मंत्री आहात का माकडं?"

पहारेकरी धावत आला. "बैठ जाओ! क्या हुआ?"

आमचा आरोग्यमंत्री दत्तोबा त्याला शांतपणे म्हणाला, "भोंगा हुआ ना साहेब. छुट्टी."

"कैसा भोंगा?"

दत्तोबा गोंधळला. खरंच, दिल्लीत कुठला आमच्या कंपनीचा भोंगा? मुलं एकमेकांकडे बघू लागली. प्रत्येकाने ऐकला होता. तोच, शेवटी घसा बसल्यासारखा होणारा. गॅलरीतल्या दुसऱ्या कोणी ऐकला नव्हता.

सर माझ्याकडे वळले. "ज्ञानदेव, तुला ऐकू आला नाही?"

"काय सर?"

सरांचा चेहरा मी आजवर विसरलेलो नाही. ते माझ्याशेजारी बसले, माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "मलाही नाही रे."

संध्याकाळी धर्मशाळेत तार आली. माझे वडील कोंडीराम भट्टीवर होते. दुपारी अपघात झाला, त्यात ते गेले आणि अवेळी भोंगा वाजवला गेला. कुठल्या वेळी, ते मी परत आल्यावर विचारलं. मग पुन्हा कधी विचारलं नाही.

वडिलांच्या जागी कंपनीने मला घेतलं. मित्रहो, त्या दिवसापासून तो भोंगा मला ऐकू येत नाही. चिंचवडच्या डॉक्टरांनी कान तपासले, दोष सापडला नाही. घड्याळाची टिकटिक ऐकू येते, आईचं कण्हणं भिंतीपलीकडून ऐकू येतं. पण मी भोंग्याखाली उभा असतो आणि माझ्या पाळीतला साहेबराव खांद्यावर थाप मारतो, "चल भावा, झाला की!" तेव्हा मला कळतं.

वसाहतीत तेव्हापासून एक खोड लागली आहे. भोंगा झाला की बाया आधी आपापल्या पोरांकडे बघतात. ऐकला का, म्हणून. कोणी हे बोलून दाखवत नाही. आज मी बोललो, माफ करा.

हे सगळं सरांच्या निरोपाच्या दिवशी कशासाठी? कारण यंदाच्या मंत्रिमंडळाची मुख्यमंत्री माझी धाकटी बहीण नीला आहे. पुढच्या आठवड्यात सरांच्या जागी शाळेतल्या सुमनताई मुलांना घेऊन दिल्लीला निघणार आहेत. आमच्या घरून होकार गेलेला नाही आणि ताईंना तो आज हवा आहे.

परवा सर घरी आले होते. आई म्हणाली, "गुरुजी, पोरीला न्हाई धाडायची. तिकडं समदी उठली आन् ही बसून ऱ्हायली तर? हितं कंपनीत आता कोण हाय?"

कोण आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघायचं टाळत होते. नीला म्हणाली, "दादा, मला नाही जायचं. दिल्ली काय पळून जातेय?" निवडून आल्याच्या दिवशी हीच मुलगी नळावर उड्या मारत होती.

सरांना दारापर्यंत सोडायला गेलो तेव्हा इतक्या वर्षांचा प्रश्न विचारला. "सर, तुम्ही खरंच ऐकला नव्हता?"

सर चपला घालत होते. खाली बघूनच म्हणाले, "ऐकला होता. पण तू एकटाच बसला होतास."

पुढारी कसा असावा यावर सरांची पुष्कळ व्याख्यानं ऐकली, त्यातलं थोडंच आठवतं. हे एक वाक्य मात्र मी जपून ठेवलं आहे.

सुमनताई, नीला येईल. आईची समजूत मी आज सकाळी काढली. ती रडली, पण पिशवी तिनेच शिवायला घेतली आहे.

नीला, तू तिसऱ्या रांगेत आहेस, मला दिसतेस. मान वर कर. गॅलरीत सगळी मुलं उठली आणि तुला काहीच ऐकू आलं नाही, तरी तू ऊठ. विचारू नकोस, काय झालं म्हणून. शेजारच्या मुलीचा हात धर आणि सगळ्यांबरोबर उभी राहा. कोणालाही कळू देऊ नकोस. आणि खाली बसायला सांगितलं की बैस, आणि पुढचं भाषण नीट ऐक. ते ऐकायलाच तू गेली आहेस.

इकडचं मी बघतो.

सर, गावी सुखाने राहा. गिरजाबाई, सरांना दुपारची झोप घेऊ द्या. अध्यक्षांनी मला वेळ दिला आणि आपण सर्वांनी चुळबूळ न करता ऐकलंत, याबद्दल मी ऋणी आहे. मंगल प्रसंगी जे बोलू नये ते बोलून गेलो असेन, तर लहान समजून पोटात घाला. नमस्कार.