बोल्टाचं टिंब

न्हाई न्हाई भावजी, फोटो नका काढू अजून — रंग ओला हाय. मोबाईल आधी खिशात ठेवा अन् बसा. त्या टायरवर बसा, सकाळीच पुसलाय. लातूरहून पहाटेच्या गाडीनं आलात, तोंडावर पाणी मारलं न्हाई, अन् लगेच फोटो! हे घरी न्हाईत — पलीकडच्या गावाला बागेत गेलेत, केळीचे घड उतरवायला लागलेत तिथं, संध्याकाळी माल भरायचा हाय. म्हणजे त्याच्या आत मला हे सगळं वाळवून जागेवर बसवायचंय. तर माझे हात चालू राहतील, तुम्ही राग मानू नका. चहा झाकून ठेवलाय तिथं, तुमच्या हातानं घ्या. माझ्या हाताला काळं लागलंय.

फोटो कशाला पाहिजे ते मालूम हाय मला. आनंदराज साहेबांना, मुलाच्या बापाला दाखवायचाय — ट्रकच्या कपाळावरचं आमच्या पोरीचं, लुंबिनीचं नाव निघालं का न्हाई ते. निघालंय की, बघा ना वर — काचेच्या वरती कोरं हाय सगळं, चार भोकं तेवढी दिसतात स्क्रूची. अन् मागं फाळक्यावर पण नाव होतं, त्याच्यावर काळा हात मारलाय. साहेबांनी सांगितलं ते सगळं झालेलं हाय. आठ दिवस झाले होऊन. तुम्हीच फोन केला होता ना पंधरा दिवसांमागं — वहिनी, पोरगी पसंत हाय, पण एवढं एक करा, साखरपुड्याच्या आधी गाडीवरचं नाव पुसून टाका, घरच्या सुनेचं नाव धाब्याधाब्यावर उभं राहतं, बरं दिसत न्हाई. तुमचा दोष न्हाई म्हणा. तुम्ही ह्यांचे चुलतभाऊ, मध्ये पडून स्थळ आणलं, तिकडचा निरोप इकडं सांगितला — दुसरं काय करणार?

जरा तो बिल्ला सरकवा इकडं — कंपनीचा, जाळीवरचा. हाव, तोच. कडेला धरा, मधे बोट लावू नका. बघा कसा झाला होता — केळीचा चीक बसून बसून तपकिरी, चकाकी तर कवाच गेलेली. सोड्यानं धुतला, पॉलिश पेपरनं घासला, अन् आता काळा. पातळ पातळ तीन हात मारायचे. एकाच हातात जाड मारलं की ओघळ येतो, मग ते नाक गळल्यासारखं दिसतं. जाळीच्या पट्ट्या झाल्या, आरशांचे दांडे झाले, चाकांच्या टोप्या झाल्या. काचेच्या रबराला खोबरेल लावून घेतलं — रंग उडाला तर बोटानं पुसून निघतो. कुणी शिकवलं? कुणी न्हाई. मोबाईलवर बघितलं थोडं, थोडं चुकून शिकले. अन् खाली पेपर न्हाई हां, केळीचं पान. पेपर ओल्या रंगाला चिकटतो, मग बातम्या उमटतात त्याच्यावर. पानाला काही चिकटत न्हाई. आमच्या अर्धापुरात पानाला काय तोटा.

नांदेडला का न्हाई दिली म्हणता? व्यंकट पेंटर हाय की, दरवर्षी पासिंगच्या आधी तोच करतो. पण तो चार दिवस गाडी ठेवून घेतो, अन् केळी चार दिवस थांबत न्हाई — हे ह्यांना सांगितलं मी. खरं सांगू का? ते निमित्त होतं. व्यंकटनं इचारलं असतं, ‘वहिनी, नाव का काढता?’ वीस वर्षं झाली, त्याच्याच हातचं हाय फाळक्यावरचं नाव. त्याला काय सांगणार होते मी? म्हणून घरी. हे दुपारचे झोपले होते ट्रिपवरून येऊन, लुंबिनी दवाखान्यात ड्युटीवर — अन् मी शिडी लावली. हाव, मीच. मघाशी ‘झालंय’ म्हणले ना, ते आपोआप झालं न्हाई. मीच चढले, मीच स्क्रू काढले, मागं मीच काळा हात मारला. ह्यांना इचारलं न्हाई, पोरीला इचारलं न्हाई. भ्याले होते मी भावजी. पोरीला सत्ताविसावं चालू हाय. आधीची दोन स्थळं तशीच गेली — एकाला नर्सची रातपाळी नको होती, दुसऱ्यानं तर कारणच सांगितलं न्हाई. मग संघपालसारखा मुलगा, लातूरला सरकारी नोकरी, आपल्यातला, शांत... म्हणलं, काय हाय एवढं, तीन पत्र्याचे तुकडे तर हायेत. अन् खोटं कशाला बोलू — काळा हात मारून खाली उतरले तेव्हा हलकं वाटलं मला. झालं बाई एकदाचं, असं वाटलं.

हे धरा जरा. घाबरू नका, हे वाळलेलं हाय, हा नुसता बोल्ट हाय. मुठीत धरून ठेवा, मातीत पडला तर सापडायचा न्हाई. सांगते कशाचा ते.

गाडी घेतली तेव्हा लुंबिनी सहा वर्षांची. जुनीच घेतली, उदगीरच्या एकाकडून. त्याचं नाव खरवडून काढलं अन् हे तिथंच चंद्रप्पाकडं गेले, पत्र्याचं काम करायचा स्टेशनच्या बाजूला. मी सोबत होते, लुंबिनी कडेवर न्हाई पण पदराला धरून. चंद्रप्पा म्हणाला, ‘अक्का, नाव कुणाचं काढू? मालकाचं?’ हे म्हणाले, ‘पोरीचं.’ त्यानं परत इचारलं, त्याला वाटलं चुकून ऐकलं आपण. मग जुन्या फाळक्याच्या पत्र्यातून त्यानं तीन तुकडे कापले — लुं, बि, नी. पण वरचं टिंब काही त्याला जमेना, एवढंसं कापायला गेला की वाकडं व्हायचं. शेवटी एक जाड बोल्ट घेतला, त्याचं डोकं गोल घासलं, अन् दिला ठोकून. ते टिंब तुमच्या मुठीत हाय आत्ता. घरी आल्यावर सासूबाई — सरजाबाई म्हणजे कशा होत्या तुम्हाला मालूमच हाय — ओसरीवरून बघून म्हणाल्या, ‘पोरीच्या नावाची गाडी? मग गाडीबी जाईल की दुसऱ्याच्या घरी!’ सगळे हसले. मीबी हसले. वीस वर्षांनी ते बोलणं मी खरं करायला निघाले होते, बघा.

आता ऐका पुढचं. हे उठले, बाहेर आले, गाडीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. शिडी उचलून जागेवर ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. माल भरला अन् गेले हैदराबादला. अन् लुंबिनी आली ड्युटीवरून, तिनं बघितलं. ती काय म्हणाली सांगू? रडली-बिडली न्हाई. हातपाय धुतले, ताट घेतलं, अन् जेवता जेवता म्हणाली, ‘आई, नर्सिंगच्या सर्टिफिकेटवर पण नाव हाय माझं. काळा रंग उरलाय का?’

उरला होता. त्यानंच हा बिल्ला रंगवून राहिले.

हसू नका भावजी, मला नव्हतं आलं हसू.

मग परवा हे परत आले. तोवर फोनवर नुसतं ‘हाव’ अन् ‘पोचलो’. आल्यावर सांगितलं — तिकडं केळीच्या मार्केटात गेटवरचा माणूस, पंप, धाबे, सगळीकडं ह्यांना लोक गाडीच्या नावानंच ओळखतात. साहेबराव हे ह्यांचं नाव कुणाला मालूम न्हाई. ‘लुंबिनी आली, बाजूला घ्या,’ ‘लुंबिनीला आधी खाली करा, लांबून आलीय.’ वीस वर्षांत त्या नावाला कुणी वेडंवाकडं बोललं न्हाई, कुणी खाली काही लिहिलं न्हाई. ह्या ट्रिपला गेटवरच्यानं इचारलं, ‘साहेब, लुंबिनी विकली का?’ त्या बिचाऱ्याच्या मनात गाडीच होती. पंपावर परत तेच — विकली का? धाब्यावर तेच. हे सांगताना खाली बघून बोलत होते. म्हणाले, ‘लोकं इचारून राहिलेत. काय सांगायचं ते तू सांग मला, मी तसं सांगतो.’

एवढंच. काय सांगायला लावू त्यांना, भावजी? तुमच्याकडं उत्तर असलं तर सांगा. बघा — तुम्हीबी खालीच बघून राहिलात.

अन् मागं जाऊन बघा फाळका. जा, बघून या... बघितलं? दिसतंय ना? मी घासकाम न करता नुसता वरून हात मारला होता. व्यंकटचे ब्रशचे अक्षर जाड असतात, वर्षावर्षाला त्यानं एकावर एक थर दिलेत. ऊन तिरपं पडलं की काळ्याखालून लुंबिनी जशीच्या तशी दिसते. आठ दिवस हे नाव झाकून हैदराबादला फिरवलं अन् सगळ्या रस्त्यानं ते दिसतच होतं. जास्तच दिसत होतं. नुसतं नाव असलं तर लोक वाचून सोडून देतात. पुसलेलं असलं की थांबून वाचतात.

साहेबांना काय सांगू म्हणता? मी सांगते ना काय सांगायचं ते. त्यांना इचारा, लातूरला रिंगरोडला बंगला बांधलाय तुम्ही, त्याच्यावर काय लिहिलंय? ‘संघपाल निवास.’ ते एवढे अक्षर, दिवे लावून. रस्त्यावरच हाय की तो बंगला. आम्ही आलो होतो बघायला, तेव्हा एकजण त्याच भिंतीला तोंड करून — जाऊ द्या, मी मान खाली घातली. म्हणजे मुलाचं नाव रस्त्यावर चालतं, पोरीचं चालत न्हाई? का बंगला एका जागी उभा असतो म्हणून चालतं, अन् फिरणाऱ्या नावाची भीती वाटते? मी बारावीपर्यंत शिकलेली बाई, मला मोठं बोलता येत न्हाई. पण हे नाव तिच्या बापानं ठेवलं, बुद्धाच्या जन्मगावाचं. ते आनंदराज साहेबांना मी सांगायची गरज न्हाई, त्यांच्या बैठकीत एवढा मोठा फोटो हाय भगवान बुद्धाचा. लाज कशाची वाटली त्यांना? नावाची, का ट्रकची? ट्रकची वाटत असेल तर तसं सांगा म्हणावं सरळ. ह्या ट्रकवर शिकली ती. तिनं पहिलं अक्षर पाटीवर न्हाई वाचलं, बंपरवर उभं राहून वाचलं.

अन् संघपालचं काय? मुलगा वाईट न्हाई. बघायला आले त्या दिवशी लुंबिनीनं त्याला सगळ्यांसमोर इचारलं, ‘तुम्हाला काय वाटतं माझ्या नोकरीचं?’ — तर त्यानं बापाकडं बघितलं. मी तेव्हा म्हणलं, लाजाळू हाय. आता वाटतं, लाजाळू माणूस खाली बघतो, बापाकडं न्हाई. पण मी दार लावत न्हाई, एवढं नक्की सांगा. त्याला हे नाव चालत असलं तर त्यानं स्वतः फोन करावा, लुंबिनीला. मला न्हाई, ह्यांना न्हाई, तुम्हाला तर न्हाईच. अन् न चालत असलं तर मोडलं असं समजा. मोडलं म्हणून मी रडेन, ते वेगळं. ते मी घरात रडेन.

उठा आता, मदत करा. हे तीन अक्षर बघा, वाळलेत — पिवळे केलेत, पहिले पांढरे होते. पिवळं लांबून दिसतं. शिडी धरा खाली, हलू देऊ नका, मागच्या वेळेस कुणी धरायला नव्हतं. ‘लुं’ द्या आधी. अवो उलटा दिला, वेलांटी-उकार बघून देत जा, गुरुजी ना तुम्ही! हां. आता ‘बि’. स्क्रूड्रायव्हर... ‘नी’. घट्ट बसलं. सरळ हाय का खालून? डावीकडं जरा? आता? आता बरोबर.

फाळका उद्या. तिथं व्यंकटच पाहिजे, माझा हात तेवढा बसला न्हाई. त्याला फोन केलाय — त्यानं काही इचारलं न्हाई, नुसतं म्हणला, ‘वहिनी, ह्या टायमाला मोठं काढू का?’ म्हणलं, काढ.

हां, आता काढा फोटो. काढा ना! इतका वेळ घाई होती तुम्हाला. मला नका घेऊ त्यात, नाव घ्या. उन्हाकडं पाठ करून काढा, अक्षर चमकले पाहिजेत... निघाला? पाठवा, माझ्यासमोर पाठवा. पाठवत न्हाई? बरं, घरी जाऊन पाठवा, पण पाठवा. न्हाई पाठवला तर मी पाठवीन, साहेबांचा नंबर हाय माझ्याकडं.

जेवायला थांबा म्हणलं असतं, पण तुमचा जीव इथं लागणार न्हाई आता. नांदेडची जीप चौकात उभी असते, तिथून लातूरची गाडी मिळंल. जय भीम, भावजी. वहिनींना सांगा इचारलं म्हणून.

अवो भावजी! भावजी, थांबा! टिंब — टिंब खिशात घालून चाललात की तुम्ही. ते ठेवून जा, ‘लुं’च्या वर बसवायचं राहिलंय. ते तुमच्या लातूरला जायचं न्हाई.