रेहानाचा आलाप

यार, माझ्या धाकट्या भावाचं, निनादचं नवं रॅप ऐकलं नसेल तर ऐकूही नका. सोसायटीत मुसलमानांना घर देऊ नका, एवढंच त्यात ठणकावलंय. मागचा आलाप मात्र माझ्या मैत्रिणीचा, रेहानाचा. रॅप कशावर आहे हे न सांगताच निनादने तो तिच्याकडून गाऊन घेतला. आणि ती स्वतः दोन महिने नोएडात घर शोधतेय!

आजवर रॅपला थिल्लर म्हणणारे बाबा परवा ते डोळे मिटून ऐकत होते.

“काय गळा आहे! कोण गं ही?”

“रेहाना. सकाळपासून रडतेय ती. निनादला सांगा, आलाप काढून टाक म्हणून.”

बाबांनी डोळे उघडले आणि आतल्या खोलीतून निनादला हाक मारली.

“आलाप राहू दे रे,” ते निनादला म्हणाले. “फक्त तिचं नाव कुठे टाकू नकोस.”