कर्ता, मग लगेच क्रियापद

"सरक की जरा, सगळं बाकडं तुलाच लागतं का?"

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून बसलेल्या शिंपीणबाई दचकून सरकल्या. पण ते त्यांना नव्हतं. शेजारची आई आपल्या शाळकरी लेकीला म्हणत होती.

"सरकते. तू आधी माझं वाक्य ऐक. उद्या वर्गात बाबांवर बोलायचंय. माय फादर सिटी इन वर्क्स."

"छान आहे."

"काही छान नाही, चुकलंय. इंग्रजीत कर्ता आला की लगेच क्रियापद. आपल्यासारखं शेवटी नाही."

"एवढी कसली घाई असते गं त्यांना?"

"आमच्या बाई म्हणतात, मराठीत माणूस बोलतच राहतो आणि झालं काय ते शेवटपर्यंत कळत नाही."

"तुमच्या बाईंचं काय जातंय म्हणायला."

"दुसरं वाक्य, बाबा कधी येणार त्याचं. माय फादर... पुढे?"

"तुझे बाबा ना, तिकडचं ते काम, मग ती नवी खोली, त्यात साहेबांचं ते सुट्टीचं..."

"आई, क्रियापद."

"सांगतेय ना! म्हणजे या वेळी, तुझी परीक्षा झाल्यावरसुद्धा, ते आपल्याकडे..."

"आपल्याकडे काय?"

आतलं दात कोरायचं यंत्र थांबलं. शिंपीणबाईंनी उगाच छताच्या पंख्याकडे पाहिलं.

"आई, नुसतं क्रियापद सांग. बाकीचं मी लावते."

"येणार नाहीत."

"कधी?"

"येणार नाहीत गं. आता कधीच."