खुर्चीवरच्या अकरा प्रदक्षिणा

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणूस चालायचा थांबतो, तेव्हा दोष कुणाचा? पायांचा की वाटेचा? लगेच उत्तर देऊ नका, आधी गोष्ट ऐका. आणि भिंतीला टेकलेल्या त्या काकांना जरा कोपर मारा. निरूपणात डुलकी चालते, आख्यानात नाही!

तर नाशकात एक सोसायटी होती. चार इमारती, भोवती भिंत, आणि मागच्या भिंतीत एक लहानसं लोखंडी दार. दार उघडलं की बोळ. बोळात रखमाबाई भाजीवाली, पुढे शिंप्याचं दुकान, चिंचेखाली एक बाक, आणि टोकाला मारुतीचं देऊळ. मोजून तीनशे पावलं!

सोसायटीचे सेक्रेटरी दिनकरराव उपासनी, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. रोज सकाळी ते आणि इंदूताई, म्हणजे त्यांची बायको, त्या दारातून देवळात जायचे. अकरा प्रदक्षिणा, येताना मेथीची जुडी, बाकावर घटकाभर गप्पा. कुणी विचारलं असतं, "व्यायाम करता का?" तर म्हणाले असते, "छे हो, वेळ कुठाय?"

एक दिवस पार्किंगमधली सायकल गेली. झाली मीटिंग! दिनकररावांनी ठराव मांडला: चोर मागून येतात, मागचं दार बंद. एकमताने मंजूर. सोसायटीत एकमत! मंडळी, इथेच ओळखायचं की काहीतरी चुकतंय.

आठ दिवसांनी सायकल सापडली. कुठे? दुरुस्तीच्या दुकानात! मालकानेच टाकली होती आणि विसरला होता. पण ठराव तो ठराव. कुलूप तसंच राहिलं.

आता देवळात जायचं तर पुढच्या गेटने, मोठ्या रस्त्याने, अर्ध्या तासाचा फेरा. फूटपाथ होता की! पण त्यावर गाड्या उभ्या. माणसाने चालायचं कुठून? हळूहळू सगळ्यांचं जाणं सुटलं. भाजी फोनवर यायला लागली. आणि दिनकररावांच्या प्रदक्षिणा? आपल्यात सोय आहे ना, घरच्या देवापुढे स्वतःभोवती फिरायचं. ते फिरले. अकरा वेळा फिरल्यावर चक्कर आली. मग काय केलं असेल? हसू नका… चाकांची फिरती खुर्ची आणली देव्हाऱ्यासमोर, आणि बसल्या बसल्या अकरा गिरक्या! अहो, ज्याने समुद्र ओलांडला, त्या मारुतीपुढे हे आपले खुर्चीत गरागरा!

दीड वर्ष गेलं. साखर वाढली, तळपायाला मुंग्या यायला लागल्या. डॉक्टर म्हणाले, "काका, रोज तासभर चाला. तीन महिने वाट बघतो. नाहीतर इन्सुलिन सुरू, आणि पाय सांभाळणं अवघड होईल."

दिनकरराव घाबरले. कोण घाबरणार नाही? चालायचं यंत्र आणलं घरात. पाच दिवस चालले. समोर भिंत, मागे फ्रीज, बोलायला कुणी नाही. सहाव्या दिवशी यंत्रावर टॉवेल वाळत पडला, सातव्या दिवशी साडी. का, पेटीवाले, तुमच्याही घरी आहे वाटतं?

इंदूताई म्हणाल्या, "अहो, ते दार उघडा."

"ठराव झालाय."

"तुम्हीच केलात ना?"

"म्हणूनच तर."

बघा! पायाच्या मुंग्या सोसवतात माणसाला, पण 'माझं चुकलं' हे सोसवत नाही.

हनुमान जयंतीची सकाळ उजाडली. पलीकडे घंटा वाजायला लागली. इंदूताईंनी एका हातात तेलाची वाटी घेतली, दुसऱ्या हातात स्टूल. स्टूल भिंतीला लावलं, चौसष्टाव्या वर्षी पदर खोचला, वर चढल्या — आणि अडकल्या! एक पाय सोसायटीत, एक बोळात.

रखमाबाई खालून म्हणाली, "ताई, हलू नका, मी आहे."

दिनकरराव धावत आले. धावत, मंडळी! दीड वर्षात पहिल्यांदा.

"अगं, उतर खाली."

"कुठल्या बाजूला, ते तुम्ही सांगा."

बायको भिंतीवर, घंटा वाजतेय, गॅलऱ्यांतून सगळी सोसायटी बघतेय. दिनकरराव वर गेले आणि किल्ली घेऊन आले. पण कुलूप गंजलेलं, किल्ली फिरेना. इंदूताईंनी भिंतीवरूनच वाटी पुढे केली. "घ्या, घाला. मारुती रागावायचा नाही."

देवाचं तेल कुलपात गेलं आणि दार उघडलं. "माझंच चुकलं होतं," दिनकरराव म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग कुठे इंदूताई उतरल्या, रखमाबाईच्या खांद्याचा आधार घेऊन, बोळाच्या बाजूला!

दोघं निघाले. शिंपी दुकानातून म्हणाला, "उपासनी, तुमची पँट दीड वर्षापासून शिवून पडलीय. आता कमरेत बसायची नाही." रखमाबाईने मेथी निवडून दिली. देवळात अकरा प्रदक्षिणा, पायांनी. बाकावर जुनी मंडळी सरकून बसली. परत यायला सव्वा तास लागला. शेजाऱ्याने विचारलं, "बरंच चाललात?" दिनकरराव म्हणाले, "चाललो कुठे? देवळात गेलो होतो."

तीन महिन्यांनी साखर उतरली. डॉक्टर खूश. "कुठलं यंत्र घेतलंत?" दिनकरराव म्हणाले, "भिंतीतलं दार. तीन फूट रुंद आहे." आणि ती पँट? बसली! जरा श्वास रोखावा लागला, पण बसली.

आता सांगा, दोष पायांचा की वाटेचा? पाय तेच होते, देवही तोच होता. वाट उघडली आणि माणूस निघाला. आणि वाट बंद कुणी केली होती? हात वर करून. एकमताने.

मघाशी येताना तुमच्याही मागच्या भिंतीत एक दार पाहिलं मी. त्याला कुलूप आहे. पलीकडे एवढी छान बाग, आणि तिथे चिटपाखरू नाही. अध्यक्षांकडे बघू नका, ते आधीच खाली बघतायत. एक मात्र सांगून ठेवतो. प्रसादाच्या शिऱ्याचं पातेलं मी कीर्तनाआधीच त्या बागेत पाठवलंय. पुढच्या गेटने फिरून गेलात तर शिरा गार मिळेल. मागच्या दाराने गेलात तर गरम.

तेल इथे समईत आहे. किल्ली कुणाच्या खिशात आहे, ते त्याला ठाऊक. उचला टाळ, आणि चला माझ्याबरोबर.