धुतलेली वात

रॉकेलचे हीटर दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीच्या दुकानात रांग होती. हेडमास्तर आपला हीटर पिशवीत घेऊन उभे होते. पुढच्या गृहस्थांचं बोलणं त्यांना स्पष्ट ऐकू येत होतं.

"पेटतो आणि लगेच विझतो. घरी आई कुडकुडतेय हो."

"वात बघू. अहो, ही एवढी पांढरीशुभ्र कशी?"

"मीच धुतली. साबण लावून."

"पाणी प्यायलेली वात रॉकेल कसं ओढणार?"

"बायको सांगत होती, हात लावू नका. पण आम्ही पडलो घरचे मेकॅनिक!"

सगळी रांग हसली. हेडमास्तर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

"नवीन वात घालतो. हं, हेडमास्तर, तुमच्या हीटरला काय झालं?"

"यांच्यासारखंच. फक्त मी वर इस्त्रीही केली."