विळीनं कापलेली पानं

ताई, आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत आणि ऱ्हस्वदीर्घ मला कधी कळलंच नाही, चौथीत शाळा सुटली ती सुटली, तर चुका पोटात घाला आणि तुम्ही नीट करून लिहा. तुम्ही वाचनालयात म्हणालात, मंदाबाई, तुम्ही बोला, मी लिहून घेते, पण समोर माणूस बसलं की माझ्या तोंडातून शब्द निघत नाही, म्हणून वहीत लिहून आणलंय. वाचून झालं की वही परत द्या, घरात कुणाला माहीत नाही.

माझं माहेर घोडेगावच्या अलीकडचं. बाप बाजाराच्या दिवशी दुसऱ्यांची बैलं धरून उभा राहायचा, त्याची मजुरी मिळायची, आणि येताना शेवेचा पुडा आणायचा. भावंडं शेवेवर पडायची आणि मी कागदावर, पुडा कशात बांधलाय ते मला बघायचं असायचं. गोष्टीचं पान निघालं की लई आनंद, पण गोष्ट अर्धीच, पुढचं पान कुणा दुसऱ्याच्या पुड्याला गेलेलं, मग पुढचं मी मनानंच लावायचे, शेण काढता काढता लावायचे. चौथी झाल्यावर आई म्हणाली, वाचता येतंय न्हवं, झालं की मग, आता शेण कोन काढंल.

लग्न होऊन संगमनेरला आले. आमचे हे दुधाच्या गाडीवर होते, माझ्या हातात कागद दिसला की म्हणायचे, वाच वाच, तहसीलदार व्हायचंय तुला, आणि कागद ओढून त्यानंच गाडीची काच पुसायचे. काय सांगू तुम्हाला, मी हसायचे, दुसरं काय करणार.

मग सुलभाबाईंकडं स्वयंपाकाला लागले, आठ वर्षं होते. बाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या, आता निवृत्त. जुनं घर, मागच्या अंगणात अजून पाण्याचा तांब्याचा बंब, तो पेटवायचं कामही माझंच. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी बाईंकडं वाचनकट्टा भरायचा, सहा-सात जणी यायच्या, डॉक्टरीणबाई त्यात सगळ्यात बोलक्या. गोल बसायचं, एकेकीनं सांगायचं सध्या काय वाचतेय, दुसऱ्यांनी का वाचावं, आणि फोनवरही त्यांचा तसाच ग्रुप होता. बाई रोज ग्रुपवर फोटो टाकायच्या, पुस्तक, शेजारी कॉफीचा कप, जास्वंदीचं फूल. कॉफी मी करायची, फूल मी तोडायचं, कधी कधी फोटोही मीच काढायचे. पुस्तकातली खुणेची फीत बाई रोज पन्नासेक पानं पुढं सरकवायच्या. मला वाटायचं, केवढं भराभर वाचतात या.

मी काय करायचे, बाई दुपारी झोपल्या की ते पुस्तक ओट्यावर घ्यायचे. विचारलं नाही कधी, तेवढी चूक माझी. हात पदराला पुसून घ्यायचे, भाजी निवडता निवडता वाचायचे आणि खुणेची फीत होती तिथंच ठेवायचे. आठ वर्षांत त्या घरातली किती पुस्तकं वाचली ते मला सांगता यायचं नाही.

तर ते पुस्तक. बाईंच्या सासऱ्यांच्या ट्रंकेत निघालं, फार जुनं, आता कुठं मिळत नाही, तुमच्याकडंही नाही, मी तेच विचारायला तुमच्याकडं पहिल्यांदा आले होते, आठवतं का. सवतीचा पोरगा वाढवणाऱ्या बाईची गोष्ट. पोरगा मोठा होऊन तिला टाकून जातो, ती वर्षानुवर्षं वाट बघते, आणि शेवटची पंचवीसेक पानं आली तर ती वरून जोडलेली, छापखान्यात कापायची राहिलेली, आत डोकावून चार अक्षरं दिसायची आणि बस. परत माझी गोष्ट अर्धी. मला राहवलं नाही. मी विळीवर मेथी चिरत होते, ती बाजूला सारली, पातं पुसलं, आणि एकेक घडी पात्यावर धरून कापत गेले आणि वाचत गेले. कडेला थोडं हिरवं लागलं. शेवटी पोरगा खरंच येतो, ती त्याला लांबून वाटेवर ओळखते, आणि उठून आतून कडी लावते आणि दळण दळत बसते. एवढंच. त्या दिवशी माझी भाकरी करपली.

दुसऱ्या शनिवारी मी सगळ्यांना साबुदाणेवडे देत होते आणि बाई तेच पुस्तक छातीशी धरून सांगत होत्या, शेवटी मुलगा येतो, तिच्या मांडीवर डोकं ठेवतो, दोघं रडतात, आणि तुम्हाला सांगते, मी शेवट वाचला आणि दोन दिवस मला घास गेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग मला द्या आज, आणि हात पुढं केला. आता कापलेल्या कडा दिसणार, हिरवा डाग दिसणार. मला वाटलं आपण आधीच कबूल झालेलं बरं. आठ वर्षांत त्या खोलीत मी पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हटलं, बाई, माफ करा, शेवटची पानं चिकटलेली हुती, गेल्या मंगळवारी मी विळीनं कापली, तवर ती बंदच हुती.

देवाशप्पथ, मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं. मला विळीचीच भीती होती. पण डॉक्टरीणबाई वडा हातात धरून एवढ्या हसल्या, म्हणाल्या, अगं बाई सुलभाताई, बंद पानं वाचलीत म्हणजे सिद्धीच आली की तुम्हाला, आणि बाकीच्याही हसायला लागल्या.

बाई हसल्या नाहीत. पुस्तक त्यांनी कुणाला दिलं नाही, म्हणाल्या, हिनं नासवलंय, आता कुणाच्या हातात देण्यासारखं राहिलं नाही. आणि मग म्हणाल्या, कट्ट्याचा नियम आहे, पुस्तक खराब करील त्यानं भरून द्यायचं, जुनं पुस्तक आहे, हजार तरी धरा. हसणाऱ्या सगळ्या लगेच हो म्हणाल्या. एकीलाही विचारावंसं वाटलं नाही की मग वाचलं कुणी होतं.

सकाळी मी कामावर गेले तर पुस्तक बंबाशेजारी ठेवलेलं. बाई दारात उभ्या. म्हणाल्या, आज याच्यानं पेटव. मी म्हटलं, बाई, हजार देते, ते मला द्या. म्हणाल्या, तू पेटवतेस का मी पेटवू, आणि तिथंच उभ्या राहिल्या. मी पेटवलं. पानं फाडून फाडून टाकायला लावली, शेवटची पंचवीस आधी. पाणी तापलं, त्यांनी अंघोळ केली, आणि केस पुसत बाहेर येऊन म्हणाल्या, उद्यापासून येऊ नकोस. दुपारपर्यंत ग्रुपवर गेलं, मंदाला ठेवू नका, वस्तूंना हात लावते. मधल्या आळीतली माझी आणखी दोन घरं गेली. घरी हे म्हणाले, झाली का तहसीलदार.

मग मी कांदा निवडायला जायला लागले. हजार एकदम कुठले, तर बाईंनी सांगितलं, महिन्याला शंभर, पण दुसऱ्या शनिवारीच आणायचे, सगळ्यांसमोर, वड्यांच्या रिकाम्या ताटात ठेवायचे. मी जायचे. उंबऱ्यापाशी चप्पल काढून कांद्याच्या वासाच्या हातानं नोट ठेवायचे. डॉक्टरीणबाई दर वेळी विचारायच्या, काय मंदाबाई, सध्या काय वाचताय, आणि सगळ्या हसायच्या, वडे आता दुसरी कुणी करायची, तीही हसायची. मी खाली बघून निघून यायचे. नऊ शनिवार.

दहाव्या शनिवारी बाईंनी मला पुढं येऊच दिलं नाही, मागच्या दारी अडवलं, बंबापाशी. आवाज एकदम हळू. म्हणाल्या, मंदा, आज कट्ट्याचा वाढदिवस आहे, सगळ्या त्या पुस्तकावरच मला बोलायला लावणार आहेत, ती डॉक्टरीण मुद्दाम करतेय, मी सांगितलेला शेवट तिला पटलेला नाही, आता पुस्तक तर कुणाकडं नाही. मग म्हणाल्या, खरंच काय होतं गं शेवटी. माझ्या मुठीतली नोट त्यांनी बघितली आणि माझी मूठ मिटवून धरली, म्हणाल्या, हे शंभर राहू देत तुलाच, कामावरही परत ये, सांग फक्त.

ताई, मला सांगता आलं असतं. ओळ न् ओळ पाठ होती. पण माझ्या डोळ्यांपुढं त्या केस पुसत आलेल्या दिसल्या.

मी म्हटलं, बाई, तुमीच सांगितलं न्हवं त्या दिवशी, पोरगा येतो, मांडीवर डोकं ठेवतो, तुमाला दोन दिवस घास गेला न्हाई. तुमी शिकलेल्या, तेच बराबर असंल.

मी त्यांच्या हाताखालून मूठ सोडवली, पुढच्या दारानं आत गेले, गोल बसलेल्या सगळ्यांच्या मधून ताटापर्यंत गेले. डॉक्टरीणबाईंनी तोंड उघडायच्या आत म्हटलं, सध्या कायबी वाचत न्हाई, आता सुरू करनार. आणि शेवटची नोट ताटात ठेवली. हजार पूर्ण झाले.